बेसिनखालचं ठिबकणं: वेस्ट कपलिंग पक्कं कसं बसवायचं

बेसिन गळायला लागलं की बहुतेक घरांत क्रम ठरलेला असतो: आधी खाली बादली, मग एम-सील, मग प्लंबर आणि काही महिन्यांनी पुन्हा बादली. यात एम-सीलचा काही दोष नाही. आपण लिंपतो ती जागाच चुकीची असते. पाणी शिरतं वर, जाळीच्या कडेखालून किंवा रबराच्या फटीतून. तिथून ते कपलिंगच्या, म्हणजे बेसिनच्या भोकात बसवलेल्या नळीच्या, अंगाने ओघळत येतं आणि सगळ्यात खालच्या नटाला थेंब होऊन लोंबतं. आपल्याला थेंब दिसतो, म्हणून आपण तिथे लेप चढवतो. पाणी दुसरी वाट शोधतं.

या कामात बाहेरून फासलेल्या लेपाचा फारसा उपयोग नसतो. दोन पृष्ठभागांच्या मध्ये दाबून बसवलेला मऊ थर पाणी अडवतो, मग तो रबराचा असो की सिलिकॉनचा. म्हणून कपलिंग काढायचं, साफ करायचं आणि नव्याने बसवायचं. हात चालला तर दोनेक तासांचं काम आहे आणि त्यानंतर एक दिवस बेसिनला सुट्टी.

हे सगळं ज्यांनी आजवर पाना हातात धरलेला नाही त्यांना समोर ठेवून लिहितोय. भाड्याच्या घरात राहत असाल, तर आधी मालकांना फोटो पाठवून विचारून घ्या. "करून घ्या, बिल पाठवा" असंच उत्तर बहुधा येईल. पण न विचारता हात घातला आणि बेसिनला तडा गेला, तर तो डिपॉझिटमधून वळता होईल.

आणि "ठिबकतंय तर ठिबकू दे, नहाणीत जातंय ना" असं म्हणून सोडू नका. पुण्यातल्या कितीतरी फ्लॅटमध्ये एक बेसिन बाथरूमच्या बाहेर, जेवणाच्या टेबलाजवळ असतं. तिथे खाली नहाणी नसते. पाणी कपाटाच्या प्लायवूडमध्ये आणि स्कर्टिंगच्या मागे मुरतं आणि दार फुगून लागेनासं झालं की मगच कळतं. बाथरूममधलं पाणीसुद्धा पाइप भिंतीत शिरतो त्या तोंडाशी गळत असेल, तर फरशीखालून वाट काढतं. मग खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन येतो, आणि हे काम तुमच्या हातातून सोसायटीच्या मीटिंगमध्ये जातं.

आधी खाली वाकून बघा

मोबाइलचा टॉर्च लावून वरून खाली बघत या. बेसिनच्या तळाशी जी चकचकीत गोल जाळी दिसते, ते वेस्ट कपलिंगचं डोकं. त्याची कड चिनीमातीवर टेकलेली असते. बाकीचं कपलिंग म्हणजे बाहेरून आटे असलेली नळी, ती भोकातून खाली उतरते. बेसिनच्या बुडाला खालून एक जाड रबरी वायसर, त्याखाली बहुधा प्लास्टिकची पातळ चकती आणि मग मोठा चेकनट. चेकनट आवळला की वरची कड आणि खालचा वायसर मिळून चिनीमातीला चिमटीत धरतात. त्याखाली बॉटल ट्रॅप (तळाशी पाणी धरून ठेवणारी बाटलीसारखी वाटी) असतो, किंवा ट्रॅप नसेल तर नुसताच वळ्यावळ्यांचा पांढरा वेस्ट पाइप. तो पाइप पुढे भिंतीत किंवा नहाणी ट्रॅपमध्ये जातो.

आता बेसिनच्या आतल्या बाजूला, वर काठाजवळ एखादं भोक आहे का ते बघा. असेल तर तुमचं बेसिन ओव्हरफ्लोचं आहे. त्या भोकातलं पाणी चिनीमातीच्या आतल्या पोकळीतून खाली येतं आणि कपलिंगच्या बाजूला असलेल्या खाचांमधून आत शिरून ड्रेनला मिळतं. हा तपशील लक्षात ठेवा, कारण सील कुठे महत्त्वाचं ते यावरच ठरतं. ओव्हरफ्लोच्या बेसिनमध्ये जाळीच्या कडेखालून थोडं पाणी झिरपलं तरी ते त्याच पोकळीत उतरतं आणि खाचेतून ड्रेनमध्ये जातं, बाहेर काही दिसत नाही. तिथे सगळा भार खालच्या रबरी वायसरवर असतो. ओव्हरफ्लो नसलेल्या बेसिनमध्ये उलट: वरच्या कडेखालून शिरलेल्या पाण्याला आत जायला वाटच नाही, ते आट्यांवरून फिरत फिरत चेकनटमधून बाहेर पडतं. तिथे वरचं सील आणि आटे दोन्ही सांभाळावे लागतात.

नेमकं गळतंय कुठून

सुरुवातीला ड्रेनचा विचार बाजूला ठेवा. बेसिन वापरात नसताना, रात्रभर नळ बंद असताना, सकाळी खाली ओल दिसते का? दिसत असेल तर गळती पाणी येण्याच्या बाजूला आहे: अँगल कॉक (बेसिनखाली भिंतीवरचा पाणी बंद करायचा छोटा नळ), कनेक्शन पाइप किंवा नळाचं बूड. ते काम वेगळं.

ओल फक्त वापरानंतर दिसत असेल, तर पुढची तपासणी करा. जुन्या सुती कापडाने कपलिंग, नट, ट्रॅप, पाइप असं सगळं खडखडीत पुसा. खाली वर्तमानपत्र पसरा. जाळीला बूच लावा. बूच नसेल तर प्लास्टिकच्या जाड पिशवीत थोडं पाणी भरून गाठ मारा आणि ती जाळीवर ठेवा, ती बरीच चांगली बसते. बेसिन अर्धं भरा आणि त्यात कपड्यांना घालायच्या निळीचे चार-पाच थेंब टाका. पाण्याचा थेंब पांढऱ्या रबरावर किंवा क्रोमवर चटकन दिसत नाही, निळा थेंब लपत नाही.

आता दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि कोरड्या टिशू पेपरचा तुकडा एकेका सांध्याला टेकवत वरून खाली या. क्रम वरून खालीच ठेवा. सगळ्यात वरचा सांधा जिथे टिशू निळा होतो, तीच तुमची जागा. त्याखालची सगळी ओल त्याच पाण्याची असू शकते.

बूच लावून भरलेलं असतानाच चेकनटपाशी निळं आलं, तर जाळीच्या कडेचं सील गेलंय (ओव्हरफ्लोचं बेसिन असेल, तर खालचा वायसरही). तेव्हा कोरडं राहिलं, पण पाणी ओव्हरफ्लोच्या भोकापर्यंत चढवल्यावर ओलं झालं, तर खालचा वायसर गेलाय. दोन्ही वेळा कोरडं, आणि बूच काढून पाणी धो धो सोडलं की मग ठिबकतं? मग गडबड कपलिंगच्या खाली आहे, ट्रॅपच्या नाहीतर पाइपच्या वायसरमध्ये. ते कपलिंग न काढताही निस्तरतं. सरळ ट्रॅपच्या भागावर जा.

सामान आणि दुकान

जुनं कपलिंग चांगलं असेल तर तेच पुन्हा वापरता येतं. पण क्रोम उडालंय, आटे खाल्ले गेलेत किंवा कडेला हिरवट चट्टे आलेत, तर नवीनच घ्या. बेसिनचं कपलिंग साधारणपणे ३२ मिलिमीटरचं, म्हणजे दुकानातल्या भाषेत सव्वा इंची असतं. दुकानदार विचारेल, "हाफ थ्रेड की फुल थ्रेड?" ओव्हरफ्लोच्या बेसिनला हाफ थ्रेड आणि बिनओव्हरफ्लोच्याला फुल थ्रेड, असा साधारण रिवाज आहे. पण नावावर विसंबू नका, बाजूला खाच आहे का ते हातात घेऊन बघा. ओव्हरफ्लोच्या बेसिनला खाच नसलेलं कपलिंग लावलं, तर वरून आलेलं पाणी पोकळीतच कोंडतं आणि काही दिवसांत वास मारायला लागतं. उलट केलं, तर खाचेतून पाणी बाहेर येऊन थेट वायसरवर साचतं.

पितळी, स्टीलचं आणि प्लास्टिकचं असे प्रकार मिळतात. पितळी घ्या. प्लास्टिकच्या नटाचे आटे एकदा तिरके चढले की कायमचे बिघडतात, आणि नवख्या हातून ते तिरके चढतातच.

बाकी यादी छोटी आहे. नवीन रबरी वायसर (कपलिंगबरोबर येतो, तरी एक जास्तीचा घ्या), ट्रॅपचे वायसर, टेफ्लॉन टेप (आट्यांवर गुंडाळायची पातळ पट्टी), सिलिकॉन सीलंटची छोटी ट्यूब. पाना म्हणून मोठ्या जबड्याचा स्क्रू पाना किंवा वॉटर पंप प्लायर. सिलिकॉन घेताना ट्यूबवर 'न्यूट्रल' लिहिलंय का ते बघा. स्वस्तातलं, उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन चिनीमातीला चालतं, पण त्यातलं आम्ल पितळेला खातं, आणि संगमरवराच्या ओट्यावर बसवलेलं बेसिन असेल तर दगडावर डाग पाडतं.

प्लंबर मंडळींचा पांढऱ्या सिमेंटवर फार जीव. लावायला सोपं, दिसायला साफ, लगेच घट्ट. पण ते कडक होतं. बेसिन जरा हललं, गरम पाणी पडलं की केसाएवढी भेग जाते आणि पुढच्या वेळी कपलिंग काढताना ते खरवडावं लागतं. मी तरी कपलिंगपाशी सिमेंट लावू देत नाही.

हे सगळं कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. कपलिंग जुन्या मापाचं असेल, वायसर कुठेच जुळत नसेल, तर पुण्यात रविवार पेठेतला हार्डवेअरचा बाजार, बोहरी आळी, गाठा. गाडी नेऊ नका. मेट्रोने मंडई स्टेशनला उतरून चालत जा. जुना भाग पिशवीत घालून बरोबर न्या. "साधारण एवढा असेल" असं बोटांनी दाखवून आणलेला वायसर हमखास परत न्यावा लागतो.

दिवस निवडा

सिलिकॉन हवेतल्या दमटपणाने वाळतं. चोवीस तासांत दोन-तीन मिलिमीटर, असा साधारण हिशेब. पावसाळ्यात जरा लवकर, एप्रिलच्या कोरड्या हवेत जरा उशिरा. तेवढा वेळ बेसिनमध्ये थेंबही पडता कामा नये, आणि घरात चार माणसं असली तर खरी अडचण हीच.

पुण्यात यावर एक आयता उपाय आहे. महापालिका दुरुस्तीच्या कामांसाठी पाणी बंद ठेवते तो वार बहुतेक वेळा गुरुवार असतो, आणि शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा, कमी दाबाने येतं. तशी बातमी पेपरात दिसली की बुधवारी रात्री काम उरकून घ्या. गुरुवारी घरात सगळेच हात राखून असतात, टाकीतलं पाणी जपून वापरतात, बेसिनकडे कुणी फिरकत नाही. तपासायला शुक्रवारी संध्याकाळी भरपूर पाणी मिळतं. बाकी कुठल्याही दिवशी करणार असाल तर नळाला चिकटपट्टी लावा. नुसतं सांगून भागत नाही, पाहुणा येतोच.

दुकानांची दुपारची झोप धरून चाला. साडेबाराला जुना वायसर फाटलाय असं कळलं, तर चारपर्यंत बेसिन उघडं पडून राहील.

खोलताना

दोन्ही अँगल कॉक बंद करा. ड्रेनच्या कामाला याची गरज नसते, पण सवयीने कुणी नळ सोडला तर तुमच्या डोक्यावर पाणी येईल. बादली ट्रॅपच्या बरोबर खाली ठेवा.

बॉटल ट्रॅपची खालची वाटी हाताने फिरवून सोडा. आत काळं पाणी, केसांचा गोळा, पेस्टचा गाळ असं बरंच काही निघेल. हरवलेलं कानातलं इथे सापडण्याची शक्यता आहे, म्हणून ते पाणी सरळ कमोडमध्ये ओतू नका, आधी गाळणीतून काढा. ट्रॅपचे नट सोडवून तो बाजूला करा. प्रत्येक वायसर कुठून, कोणत्या बाजूने निघाला याचा फोटो काढत चला. निमुळत्या वायसरची बाजू नंतर आठवत नाही.

आता मोठा चेकनट. खालून नट फिरवायला गेलात की वरची जाळीही त्याच्याबरोबर गरगर फिरते. म्हणून वर एक जण बसवा: प्लायरची दोन टोकं जाळीच्या भोकांत घालून धरून ठेवायचं, इतकंच काम. नट खालून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटतो.

नाहीच सुटला तर जोर लावू नका. इथेच बेसिन फुटतं. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांमध्ये नटाच्या आट्यांत क्षारांचा पांढरा थर घट्ट बसलेला असतो. आपलं जमिनीतलं पाणी बेसॉल्टमधून येतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं नटाभोवती गुंडाळून तासभर ठेवा, मग पुन्हा प्रयत्न करा. ॲसिड ओतू नका, क्रोम जातं. आणि बाथरूममध्ये कुणी आधी ब्लीच वापरलं असेल तर ॲसिडशी मिळून विषारी वायू निघतो. तरीही हलला नाही, तर हॅक्सॉच्या (लोखंड कापायच्या करवतीच्या) ब्लेडने नट उभा कापा. कपलिंग जाईल, बेसिन वाचेल. चिनीमातीवर ब्लेड घासू नये म्हणून मध्ये जाड पुठ्ठा धरा.

साफसफाई, म्हणजे अर्धं काम

जुनं कपलिंग निघालं की भोकाच्या वरच्या कडेला जुन्या सिलिकॉनचा, सिमेंटचा किंवा काळपट चिकट असा काहीतरी थर दिसेल. जुनं एटीएम कार्ड घ्या आणि तिरकं धरून खरवडा. लोखंडी पट्टीने चकाकीवर ओरखडे पडतात आणि ओरखड्यांतून पाणी झिरपतं. सिलिकॉनचा एकही कण मागे ठेवू नका, कारण नवीन सिलिकॉन जुन्या सिलिकॉनला चिकटत नाही.

मग खालून भोकाच्या कडेवर बोट फिरवा. वरची बाजू गुळगुळीत असते, खालची बहुधा तशी नसते. बुडाला चकाकी पूर्ण चढलेली नसते, कुठे खरखरीत लागतं, कुठे बारीक उंचवटा, कुठे क्षारांची पापडी. रबरी वायसर याच खडबडीत पट्ट्यावर बसतो. नवा वायसर टाकूनही नटापाशी ठिबकत राहणारी बेसिनं बहुतेक वेळा इथे अडलेली असतात. पापडी व्हिनेगरने मऊ करून काढा, उंचवटा बारीक पॉलिश पेपरने घासा. मूळचा खरखरीतपणा जाणार नाही. त्याचा बंदोबस्त सिलिकॉनने होईल.

शेवटी सगळं कोरडं करा. नुसतं पुसून नाही. ओव्हरफ्लोच्या पोकळीतून तासभर थेंब येत राहतात. पंखा लावा, केस वाळवायचा ड्रायर असेल तर तो फिरवा, मग स्पिरिटच्या कापसाने एकदा पुसून घ्या. ओल्या जागी सिलिकॉन धरत नाही.

बसवताना

आधी एकदा कोरडंच बसवून बघा, सिलिकॉनशिवाय. कपलिंग भोकात सरळ बसतंय का, खाच पोकळीच्या उंचीवर येतेय का, नट चढवल्यावर खाली ट्रॅपसाठी पुरेसे आटे उरतायत का, हे आत्ताच कळलेलं बरं.

मग खालून रंगीत पेन्सिलने आट्यांवर नट येतो तिथे खूण करा आणि कपलिंग काढा. खुणेच्या आसपास टेफ्लॉन टेपचे पाच-सहा वेढे द्या. आट्यांचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने गुंडाळायचं, म्हणजे नट चढताना टेप उलगडत नाही, आणखी आवळतो. खाचांवर टेप जाता कामा नये.

आता जाळीच्या कडेला खालून सिलिकॉनची एक सलग रेघ फिरवा, तीन-चार मिलिमीटर जाड. रेघ मध्ये तुटली तर तेवढ्याच जागेतून पाणी जाईल. ओव्हरफ्लोच्या बेसिनला इथे रेघ बारीक ठेवा. जास्तीचं सिलिकॉन खाली उतरून खाच बुजवतं. रबरी वायसरच्या वरच्या पृष्ठभागावर, जो चिनीमातीला टेकणार आहे, एक पातळ थर बोटाने फासा. हा थर खडबडीत बुडाची खोलगट जागा भरतो.

कपलिंग वरून भोकात घाला आणि सरळ दाबा, फिरवू नका. खालून आधी रबरी वायसर, निमुळती बाजू वर, मग प्लास्टिकची चकती, मग नट. ती चकती फालतू वाटते, पण ती नसली की नट रबराला सरळ घासतो आणि रबर पीळ खाऊन एका बाजूला सरकतं.

नट हाताने जाईल तितका आवळा. वर धरणाऱ्याला जाळी घट्ट धरायला सांगा आणि पान्याने आणखी पाव ते अर्धा फेरा द्या. बस. वरच्या कडेतून सिलिकॉनचा बारीक कठडा सगळीकडून सारखा बाहेर आला पाहिजे. एका बाजूला आला, दुसरीकडे नाही, तर कपलिंग तिरकं बसलंय. लगेच सोडून पुन्हा बसवा, दहा मिनिटांनी सोडाल तर सगळं पुन्हा खरवडावं लागेल. वायसर कडेने किंचित फुगलेला दिसला की दाब पुरेसा आहे. "आणखी थोडा आवळू, पक्कं होईल" हा मोह प्रत्येकाला होतो. रबर एका मर्यादेपलीकडे दाबलं की बाहेर सरकतं, आणि चिनीमाती तर आवाज न करता तडकते.

बाहेर आलेलं सिलिकॉन ओल्या बोटाने फिरवून पुसा. आता चोवीस तास काहीही करू नका. नट पुन्हा आवळून बघणं हेही नाही. अर्धवट वाळलेलं सील हललं की मधूनच सुटतं.

ट्रॅप आणि पाइप

हे सोपं आहे. ट्रॅपचे सगळे वायसर धुऊन, वाकवून बघा. भेगा दिसल्या तर बदला. वाटीच्या आट्यांपाशी गोल रबरी रिंग असते, ती जागेवर आहे ना ते बघा. या नटांना टेफ्लॉन टेप लावायचा नाही. इथे आट्यांचं काम फक्त वायसर दाबायचं आहे, आणि टेपमुळे नट पूर्ण न चढताच घट्ट झाल्यासारखा वाटतो. हाताने आवळा, वाटलं तर पान्याने जेमतेम पाव फेरा.

पाइप ताणून किंवा तिरका ओढून बसवू नका, वायसर एका बाजूला उचलला जातो. ट्रॅप नसेल आणि वळ्यावळ्यांचा पाइप सरळ खाली जात असेल, तर त्याला एक गोल वळण देऊन बांधा, म्हणजे त्या वळणात पाणी साचून राहील आणि वास वर येणार नाही. बॉटल ट्रॅपमध्येही तळाशी पाणी उभं राहतं ते यासाठीच. दिवाळीत पंधरा दिवस गावी जाऊन आल्यावर बाथरूममध्ये गटाराचा वास आला, तर घाबरू नका, ट्रॅपमधलं पाणी सुकलंय. मगभर पाणी ओता.

पाइप भिंतीत शिरतो तिथे जी चकचकीत गोल चकती असते ती निव्वळ शोभेची. ती सरकवून मागे रबरी बूच आहे का बघा. नसेल तर पाइपच्या मापाचा रबरी बूच बसवा. झुरळं तिथूनच येतात.

पुन्हा नीळ

चोवीस तासांनी पहिलीच तपासणी पुन्हा करा, त्याच क्रमाने: बूच लावून अर्धं भरून, मग ओव्हरफ्लोपर्यंत, मग बूच काढून एकदम सोडून. शेवटची चाचणी तीन-चार वेळा करा, कारण ट्रॅपवर खरा ताण तेव्हाच येतो. गरम पाण्याचीही एक बादली ओतून बघा, गिझरचं येतं तितकंच गरम, उकळतं नको. खाली कोरडं वर्तमानपत्र रात्रभर राहू द्या. सकाळी त्यावर निळा ठिपका नसेल, तर बेसिन वापरायला मोकळं.

चेकनटपाशी अगदी बारीक ओल दिसली तर नट आवळू नका. पाणी काढून टाका, एक दिवस सुकू द्या, मग नटाच्या वरच्या कडेला, वायसर आणि आटे मिळतात तिथे, सिलिकॉनची बारीक रेघ भरा. त्यानेही राहिली तर वायसर तिरका बसलाय; कपलिंग काढून पहिल्यापासून.

काही ठिकाणी मात्र हात घालू नका. चिनीमातीत भोकापासून निघालेली केसासारखी रेघ नीळ टाकल्यावर निळी झाली, तर तो तडा आहे. त्यावर कुठलंही सील टिकत नाही, बेसिनच बदलावं लागतं. बेसिन भिंतीच्या ब्रॅकेटवर डुगडुगत असेल, तर आधी ते पक्कं करून घ्या, नाहीतर प्रत्येक वेळी टेकताना सांधे हलतील. आणि टिशू पाइपभर कोरडा राहून फक्त भिंतीच्या तोंडाशी ओला झाला, तर गळती भिंतीच्या आतल्या सांध्यात आहे. तिथे टाइल फोडावी लागेल, प्लंबरला बोलवा. फोनवर "बेसिन गळतंय" एवढंच सांगू नका. कपलिंग आणि ट्रॅप कोरडे आहेत, भिंतीतल्या तोंडाशी गळतंय, पाइप ३२चा आहे की ४०चा, हे सांगा आणि फोटो पाठवा. म्हणजे तो रिकाम्या हाताने येऊन "सामान घेऊन उद्या येतो" म्हणणार नाही.